लढाईत कैद झालेल्या पूर्वजाचा शोध: नाव मागे ठेवा, नंबर आणि पलटण आधी

कैद झालेल्या शिपायाचा शोध त्याच्या नावापासून सुरू करू नये. घरच्यांच्या हाती बहुतेक वेळा नावच तेवढं असतं, त्यामुळे हा सल्ला पचत नाही. पण त्या नावाने काय काय भोगलंय ते पाहा. भरती करणाऱ्या कारकुनाने शिंद्यांचं ‘सिंदे’ केलं, पुढच्याने ‘सिंदिया’. पवारांचे पोवार झाले, जाधवांचे जादव. मग कैद करणाऱ्या सैन्याच्या कारकुनाने वडिलांचं नाव आडनाव समजून कार्ड दुसऱ्याच खणात टाकलं. त्यात एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-पाच जण. अशा नावाने हजारो कार्डं चाळणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

हाती हव्यात तीन गोष्टी: रेजिमेंटल नंबर, पलटण किंवा कोर, आणि पकडलं गेल्याची जागा व तारीख. यांतल्या दोन मिळाल्या की तिसरी सापडते. नंबर एकटा मात्र उपयोगाचा नाही. त्या काळी प्रत्येक रेजिमेंट आणि कोर आपापले नंबर देत असे, त्यामुळे तोच नंबर मराठा लाइट इन्फंट्रीतही सापडेल आणि सर्व्हिस कोरमध्येही.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून. पहिल्या महायुद्धाचं रुपेरी ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. मेडल घासू नका आणि पॉलिश तर मुळीच लावू नका, आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातात. टॉर्चचा उजेड तिरका पाडून भिंगातून वाचा, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. वॉर मेडल ब्राँझचं असेल तर पूर्वज बहुधा लढाऊ शिपाई नव्हता. भिश्ती, खेचरवाले, हमाल, मजूर अशा फॉलोअर मंडळींना ते दिलं गेलं, आणि त्यांचे कागद वेगळ्या वाटेने शोधावे लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या भारतात वाटलेल्या पदकांवरही अनेकदा नाव-नंबर असतो, म्हणून मागची बाजू आणि कडा दोन्ही पाहा.

मेडल नसेल तर डिस्चार्ज सर्टिफिकेट, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मनिऑर्डरची कुपनं, ‘मिसिंग’ची तार, कैदेतून आलेलं पोस्टकार्ड यांपैकी काहीही चालेल. पोस्टकार्डाची मजकुराची बाजू सगळे जपतात, खरी माहिती पत्त्याच्या बाजूला असते. तिथे ‘पी. जी.’ आणि आकडा असेल तर तो इटलीतल्या छावणीचा क्रमांक. ‘स्टालाग’ आणि रोमन आकडा असेल तर जर्मनी, आणि शेजारी कैदी क्रमांकही मिळतो. मजकूर मोडीत असेल तर तो वाचून घ्या, पण तोवर थांबू नका. शिक्के आणि क्रमांक वाचायला मोडी लागत नाही.

गावच्या शाळेत किंवा चावडीवर ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशी संगमरवरी पाटी असते. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून गेलेल्यांपैकी ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, ते गाव म्हणूनच ‘मिलिटरी अपशिंगे’ झालं. पण या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी फक्त आकडे आहेत. पुरावा म्हणून त्यांचा फारसा उपयोग नाही.

तलाठ्याकडचे कागद जास्त बोलतात. परदेशात मेलेल्या शिपायाची नोंद कोतवाल बुकात सहसा नसते. जमीन असेल तर फेरफार नोंदवहीत आणि ६-क या वारस नोंदवहीत त्याच्या जागी बायको-मुलांची नावं केव्हातरी लागलेली असतात. ती तारीख मृत्यूची समजू नये. घरच्यांनी वाट पाहणं केव्हा सोडलं, एवढंच ती सांगते, आणि प्रत्यक्ष मृत्यूनंतर पाच-सात वर्षांनीही ती पडलेली असू शकते. त्या नोंदीत मयत होण्याचं ठिकाण किंवा पलटणीच्या पत्राचा उल्लेख आहे का, तो मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा.

पत्ताही त्या काळचा धरावा. आजचा सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. आजच्या सांगलीचे बरेच तालुके दुसऱ्या महायुद्धात साताऱ्यात होते. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध ही संस्थानं, त्यामुळे कागदावर जिल्ह्याच्या जागी ‘कोल्हापूर स्टेट’ असं येतं. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. या एका खेडापायी भलत्याच माणसाचे कागद मागवलेले आम्ही पाहिले आहेत.

आता पलटण. मराठा पलटणींच्या बाबतीत पाच या आकड्याने जितका गोंधळ घातलाय तितका कशानेच नसेल. १९२२च्या पुनर्रचनेत जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘५वी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट झाली. जुनी १०३ म्हणजे जंगी पलटण ही तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. म्हणजे कागदावर ‘२/५’ दिसलं तर दुसरी बटालियन, पाचवी रेजिमेंट. ‘५/५’ ही पाचवी बटालियन. आणि घरात म्हातारी माणसं ‘काळी पाचवी’ म्हणत असतील तर ती पाचवी नव्हे, जुन्या १०५वरून नाव पडलेली दुसरी बटालियन. कैद्यांच्या शोधात याला फार महत्त्व आहे, कारण जून १९४२मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली ती हीच.

नंबर आणि पलटण कळली की त्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, मेडिकल कोरचं लखनौला, सिग्नल्सचं जबलपूरला. साध्या पत्रालाही उत्तर येतं, पण माहिती अधिकाराचा अर्ज केला तर ३० दिवसांची मुदत लागू होते. शुल्क १० रुपये, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतं किंवा पोस्टल ऑर्डर जोडता येते. प्रतींचे पानाला २ रुपये. ‘आजोबांची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर ‘उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येणार. नेमकं मागा: या नंबरच्या शिपायाच्या शीट रोलची प्रत, ती नसल्यास लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत, आणि शीट रोल नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची तारीख. सोबत वारस असल्याचा कागद जोडा, नाहीतर त्रयस्थाची खासगी माहिती म्हणून नकार मिळतो.

शीट रोल आणि लाँग रोल यांतला फरक समजून घ्यायला हवा. शीट रोल म्हणजे शिपायाचं सविस्तर सेवापुस्तक: भरती, बढती, रजा, शिक्षा, जखमा, ‘मिसिंग’, ‘कैद’, ‘परत’. पेन्शन न मिळालेल्यांचे असे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, म्हणून युद्ध संपताच घरी पाठवलेल्या शिपायाचा शीट रोल मिळण्याची आशा कमी. लाँग रोल ही कायम ठेवायची नोंदवही. त्यात माणसाला एकच ओळ मिळते: नंबर, नाव, वडील, गाव, भरतीची तारीख, सेवा कशी संपली. त्या शेवटच्या रकान्यासाठीच लाँग रोल मागायचा. पेन्शन होती असं घरचे सांगत असतील तर पीपीओ क्रमांक देऊन प्रयागराजच्या लष्करी पेन्शन लेखा कार्यालयालाही विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि विधवांना राज्य सरकार देत असलेल्या अनुदानाच्या फायली असतात. आजी ते अनुदान घेत असेल तर नंबर त्या फायलीत हमखास असणार. अनेकांना हा सोपा रस्ता सुचतच नाही.

इथून पुढे कोणी पकडलं यावर वाटा फुटतात.

पहिल्या महायुद्धातला मराठी कैदी बहुतकरून मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमाराचा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर त्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती गेली, त्यात ३,०००हून अधिक बिनलढाऊ फॉलोअर. अत्यवस्थ अशा हजाराहून अधिक जणांची तेव्हाच अदलाबदल होऊन ते नदीमार्गे परत आले, म्हणून ‘कुतला होता पण कैद झाला नाही’ हेही शक्य आहे. बाकीच्यांना शुमरानच्या तळावरून बगदाद, समारा, तिक्रित, मोसुल असं वाळवंटातून रास-अल-ऐनपर्यंत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. मृत्यू याच वाटेवर आणि पुढच्या वर्षभरात झाले.

घरची आठवण ‘बसऱ्याला गेला’ एवढीच असते. मेसोपोटेमियात गेलेला प्रत्येक जण बसऱ्यालाच उतरत असे आणि १०५, ११४ या पलटणीही तिथे लढल्या, तेव्हा बसरा म्हणजे कुत असं धरून चालू नका. पलटण १०३, ११० किंवा ११७ असली तरी भरतीची तारीख पाहा. १९१६च्या मध्यानंतर भरती झालेला माणूस कुतच्या वेढ्यात असणं शक्य नाही. या पलटणी डेपोतल्या नव्या माणसांवर पुन्हा उभ्या केल्या गेल्या होत्या. मेसोपोटेमियातल्या पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत आणि खातं उघडून उतरवून घेता येतात. शिपायांची नावं त्यांत क्वचितच, अधिकाऱ्यांची आणि हानीच्या आकड्यांचीच गर्दी. पलटण कोणत्या दिवशी कुठे होती, एवढ्यासाठी त्या वाचायच्या.

पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. इथे नाव टाकलं की माणूस समोर येत नाही. त्या नावाच्या जवळपासचा खण उघडतो आणि पुढची-मागची कार्डं एकेक करून स्वतः पाहावी लागतात. म्हणून आडनाव, पहिलं नाव आणि वडिलांचं नाव अशा तिन्ही जागी, प्रत्येक संभाव्य स्पेलिंगने पाहायचं. कार्डावर अक्षर आणि आकडा असा संदर्भ असतो. लोक कार्डाचा फोटो घेऊन थांबतात. तो संदर्भ त्याच साइटवर पुन्हा टाकला की मूळ यादीचं पान उघडतं, आणि छावणी, तारीख, कधी मृत्यूचं कारण तिथे मिळतं. नोंदी फ्रेंचमध्ये आहेत, पण पंधरा-वीस शब्द ओळखीचे झाले की काम भागतं. तुर्कांच्या कैदेतल्या भारतीय शिपायांच्या याद्या तुटक आहेत, त्यामुळे कार्ड न सापडणं हा कैद न झाल्याचा पुरावा नव्हे.

फ्रान्सच्या आघाडीवर जर्मनांनी पकडलेले भारतीय बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या ‘हाफमून’ छावणीत ठेवले होते. तिथे जर्मन भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या आणि प्रत्येक बोलणाऱ्याचा माहितीचा तक्ता बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे. तिथे मेलेल्या २०६ भारतीयांची स्मृती शेजारच्या झेरेन्सडॉर्फ दफनभूमीत आहे. मराठी घरांना ही वाट क्वचितच लागू पडते.

पंजाबातल्या पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांची लाहोर संग्रहालयातली रजिस्टरं ऑनलाइन आली, तेव्हापासून ‘तसंच महाराष्ट्राचं कुठे आहे?’ असं लोक विचारतात. ती रजिस्टरं फक्त पंजाबची आहेत. त्यात सातारकर शोधू नका.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचा कैदी म्हणजे पहिला अंदाज तोब्रुक. २/५ मराठा ही ११व्या इंडियन ब्रिगेडमध्ये होती आणि २१ जून १९४२ला तोब्रुक पडलं, तेव्हा सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. मध्यपूर्वेतल्या पलटणींच्या डायऱ्या डब्ल्यूओ १६९मध्ये पाहाव्यात. कैदी आधी आफ्रिकेतल्या तात्पुरत्या कुंपणांत, मग समुद्रमार्गे इटलीत. आवेझानोची ९१ नंबरची छावणी भारतीयांची म्हणून ओळखली जाते. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि तिथून कागदांचा धागा तुटतो. काही जण डोंगरांत पळाले, काही दोस्त सैन्यापर्यंत चालत गेले, बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेला नेलं. म्हणून एकाच माणसाचे इटालियन आणि जर्मन असे दोन कैदी क्रमांक असू शकतात, ते दोन माणसांचे समजू नका. फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीत बरेच भारतीय होते. ११ मे १९४४च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात कुंपण फुटलं आणि शेकडो जण स्वित्झर्लंडला पोहोचले. घरात ‘आजोबा स्वित्झर्लंडला होते’ अशी दंतकथा असेल तर हसण्यावारी नेऊ नका, बर्नच्या संघीय अभिलेखागाराला विचारा. पळून आलेल्यांचे जबाब क्यूच्या डब्ल्यूओ २०८मध्ये आहेत.

१९२९च्या जिनिव्हा करारामुळे जर्मनी आणि इटलीला प्रत्येक कैद्याची खबर द्यावी लागे, म्हणून युरोपातल्या कैद्यांची रेड क्रॉसकडची नोंद बरी आहे. पण दुसऱ्या महायुद्धाची कार्डं ऑनलाइन खुली नाहीत. जिनिव्हाला अर्ज करावा लागतो आणि अर्ज वर्षातून काही वेळाच, ठरावीक संख्येपर्यंत घेतले जातात. कोटा भरला की खिडकी बंद. म्हणून पूर्ण नाव, स्पेलिंगचे पर्याय, वडिलांचं नाव, जन्मसाल, नंबर, पलटण, पकडल्याची जागा असा मजकूर आधीच तयार ठेवा आणि खिडकी उघडताच पाठवा.

जपानची गोष्ट वेगळी आहे. जपानने त्या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि १७ तारखेला फेरर पार्कवर भारतीय सैनिकांना गोऱ्यांपासून वेगळं करून जपान्यांच्या ताब्यात दिलं. त्यामुळे क्यूमधली जपानी कैदी-कार्डांची प्रसिद्ध मालिका, डब्ल्यूओ ३४५, भारतीय शिपायासाठी जवळजवळ निरुपयोगी. आणखी एक चूक नेहमी होते. सिंगापूरच्या पाडावात मराठा लाइट इन्फंट्रीची एकही बटालियन नव्हती. तिथे सापडलेला मराठी माणूस बहुधा सॅपर्स, सर्व्हिस कोर, तोफखाना किंवा हॉस्पिटलचा. ‘मराठा म्हणजे बेळगाव’ असं धरून अर्ज केला की नकार येतो आणि लोक शोध सोडतात. सॅपर्ससाठी खडकीला लिहा.

पुढचा प्रश्न आझाद हिंद सेनेचा. सामील झालेल्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १९९७मध्ये संरक्षण मंत्रालयाकडून आलेल्या ९९० फायलींचा तिथे मोठा संग्रह आहे, आणि ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर खातं काढून शोधता येतं. परत आल्यावर प्रत्येकाची चौकशी होऊन ‘व्हाइट’, ‘ग्रे’ किंवा ‘ब्लॅक’ असा शेरा पडे. ब्लॅक आणि ग्रे म्हणजे सेवेतून काढलेले आणि कैदेच्या काळाचा पगार बुडालेला. डिस्चार्जच्या कागदावर कारण मोघम आणि पगाराच्या हिशोबात तीन-साडेतीन वर्षांचं खिंडार दिसलं तर हा शेरा शोधा. शेरा इंग्रजांच्या चौकशी अधिकाऱ्याचा आहे, हेही लक्षात ठेवा. जीव वाचवायला माणसं काय वाटेल ते सांगत, आणि व्हाइट पडलेला सामील झालाच नव्हता असं त्यावरून ठरत नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन घेतली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या शाखेची फाइल मागा. सहकैद्यांची प्रतिज्ञापत्रं तिथे जोडलेली असतात आणि छावण्यांची नावं सगळ्यात नेमकी तिथेच मिळतात.

सामील न झालेल्यांपैकी पुष्कळांना १९४३पासून मजुरीच्या तुकड्या करून न्यू गिनी, न्यू ब्रिटन, बोर्निओकडे नेलं. त्यांचा माग लागतो तो ऑस्ट्रेलियात. न्यू ब्रिटनमधल्या रबौल वगैरे ठिकाणी जपान्यांवर चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत भारतीय शिपायांच्या साक्षी आहेत. हे कैदी नव्हतेच, आपखुशीने आमच्याकडे आले होते, असा जपानी बचाव असे, म्हणून साक्षीत कोणती तुकडी, कोणत्या बोटीने, केव्हा आली हे खोदून विचारलेलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ए४७१ ही मालिका पाहा. तिथे नावापेक्षा तुकडीच्या अधिकाऱ्याचं नाव किंवा बेटाचं नाव टाकून शोधलं की लवकर सापडतं.

मृत्यू कैदेत झाला असेल तर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद शोधायची. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीतले सैनिकांचे मृत्यू त्यात धरतात, म्हणजे सुटून आल्यावर हॉस्पिटलात गेलेलाही. शोध-खिडकीत नाव रिकामं सोडा, नंबर आणि रेजिमेंट टाका. नाही लागलं तर रेजिमेंट आणि मृत्यूची वर्षं टाकून सगळी यादी उतरवा आणि ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव’ या रकान्यात गावाचं नाव हुडका. कुतच्या कैद्यांची नोंद मुख्यतः बसरा मेमोरियलवर. तिथे ४०,०००हून अधिक माणसं नोंदली आहेत, पण भारतीय शिपाई मूळ भिंतीवर नावाने नाहीत. पलटणीखाली नुसती संख्या कोरली आणि नावं रजिस्टरात ठेवली. भिंतीचा फोटो मागवून त्यात नाव शोधण्यात अर्थ नाही, रजिस्टरचं पान मागवा.

नाव राहून गेलं असेल किंवा चुकलं असेल तर कमिशन अर्ज घेतं. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तो त्या वेळी सेवेत होता, आणि मृत्यू मुदतीत झाला. लाँग रोलची प्रत पहिल्यासाठी पुरते. दुसऱ्यासाठी रेड क्रॉसची नोंद, पलटणीचं पत्र किंवा मृत्यूबद्दल मिळालेल्या फॅमिली पेन्शनचा आदेश लागतो. वारस नोंदीचा उतारा जोडावा, पण एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये. स्पेलिंग सुधारून मागताना सगळ्या कागदांवरची रूपं एका तक्त्यात मांडून, प्रत्येकापुढे नंबर तोच असल्याचं दाखवलं की तपासणाऱ्याचं काम सोपं होतं आणि अर्ज परत येत नाही.